सहा पंखे आणि पाऊण ब्रास माती: बीएलडीसी पंख्यांचा दीड वर्षाचा अनुभव

२०२४ च्या फेब्रुवारीत मी कल्याणच्या आमच्या घरात चार बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचे, कमी वीज खाणारे) पंखे लावले आणि मार्चमध्ये चंद्रपूरकडे आईच्या घरी दोन. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितेय. एका ब्रँडची शिफारस करायची नाहीये, कारण दोन्हींचं वागणं जवळजवळ सारखंच निघालं. हा प्रकारच घ्यावा की नाही, एवढंच सांगायचं आहे. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकडेमोड येणार. पण ती सहावीच्या मुलाला जमेल अशीच आहे.

आधी पंख्याबद्दल. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा प्रकार २८ ते ३२. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये बरीचशी वीज उष्णतेत जाते. जुना पंखा रात्रभर चालल्यावर सकाळी बंद करून मधल्या वाटीला हात लावून बघा, चटका बसेल इतकी गरम लागते. ती उष्णता आपण बिल भरून विकत घेतलेली असते आणि ती पुन्हा आपल्याच खोलीत पसरते. नव्या पंख्यात कायमस्वरूपी चुंबकं आणि एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याची वाटी सकाळी कोमट असते.

खोक्यावर २८ वॅट लिहिलंय म्हणून मी विश्वास ठेवला नाही. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इम्पल्स असं छापलेलं आहे, म्हणजे एक युनिट जळलं की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. रात्री साडेअकराला घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजचा प्लग काढला, वायफायचा काढला, टीव्हीच्या डब्याचासुद्धा. फक्त हॉलमधला जुना पंखा पाचवर ठेवला आणि पॅसेजमध्ये स्टूल टाकून मोबाईलवर वेळ लावून बसले. दिवा दर पंधरा सेकंदांनी लुकलुकत होता. गणित करून बघा, बरोबर ७५ वॅट येतात. दुसऱ्या दिवशी वायरमनने नवा पंखा लावला आणि रात्री मी पुन्हा स्टूल टाकलं. दिवा एकदा लुकलुकला, मी मोजत राहिले. पंधरा, वीस, तीस. मला वाटलं मीटरच बंद पडलं. चाळीसला तो लुकलुकला. वारा तेवढाच. त्या अंधारात चाळीस सेकंद त्या दिव्याकडे बघत बसणं हा माझ्यासाठी या सगळ्या खरेदीतला सर्वांत आनंदाचा क्षण होता. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल, कुठे १६०० असतो कुठे ६४००, पण पद्धत हीच. कोणतंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

आमच्याकडे चार पंखे मिळून दिवसाला बत्तीस तास चालतात. हॉलचा दहा तास, दोन्ही बेडरूमचे नऊ-नऊ, स्वयंपाकघराशेजारचा चार. प्रत्येक पंख्यामागे ४७ वॅट (७५ उणे २८) वाचतात म्हणजे दिवसाला दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. बिलातही तसंच दिसलं, आधीच्या एप्रिलला २१२ युनिट होते ते १६४ झाले. रुपयांत पाचशेच्या घरात फरक पडला. एक पंखा मला २,९०० ला मिळाला, वायरमनने प्रत्येकी दोनशे घेतले. पंखे वर्षातले दहा महिनेच चालतात, तरी अडीच वर्षांत पैसे वसूल होतील. दुकानदार, शेजारी, भाऊजी, सगळे एवढंच विचारतात, किती वर्षांत वसूल? माझ्या मते हा हिशेब अर्धाच आहे. उरलेला अर्धा माझ्या माहेरी आहे.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, खुल्या कोळसा खाणीला लागून असलेल्या गावात. आमची चार एकर काळी जमीन खाणीत गेली आणि तिच्या बदल्यात बाबांना खाणीवर नोकरी लागली. पंप ऑपरेटर होते. खाणीच्या तळाशी झिरपून साचणारं पाणी उपसून बाहेर टाकायचं, रात्रंदिवस, तीन पाळ्यांत. तो पंप थांबला तर खाण बुडेल. आणि तो चालला तर आजूबाजूच्या विहिरी आटतात. आमच्या अंगणातल्या विहिरीला मी लहान असताना मे महिन्यातही हात-दोन हात पाणी असायचं. मी दहावीला होते तेव्हा ती कोरडी पडली आणि त्यानंतर कधी भरली नाही. आई आजही तिच्यावर लाकडी फळ्या टाकून वर तुळशीची कुंडी ठेवते.

ज्यांनी खुली खाण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. कोळसा वरती पडलेला नसतो. आधी वरची काळी माती काढतात, ज्यात कापूस आणि तूर यायची. मग मुरूम, मग वाळूच्या दगडाचे थर, ते सुरुंग लावून फोडतात. या सगळ्याला खाणीवरचे लोक ओबी, म्हणजे ओव्हरबर्डन, म्हणतात. बाबा घरी आले की, आज ओबीचे एवढे डंपर निघाले, असं सांगायचे, जसं कोणी पाऊस किती पडला ते सांगावं. आमच्याकडच्या खाणींत एक टन कोळसा काढायला साधारण चार-पाच घनमीटर ओबी काढावी लागते, काही ठिकाणी त्याहून जास्त. ती जाते कुठे? बाजूला ढीग होतो. चंद्रपूर, वणी, घुग्घुस, राजुऱ्याच्या बाजूला जा, सपाट मुलखात मधूनच डोंगर दिसतात, वर वेडी बाभूळ उगवलेली. परगावचे पाहुणे विचारतात, हा कोणता डोंगर? तो डोंगर नाही, ते कोणाचं तरी शेत आहे, उलटं केलेलं. वरची सुपीक माती खाली गाडली गेलेली आणि खालचा दगड वर आलेला. इरई आणि वर्धेच्या काठानेही असे ढिगारे आहेत. पावसात ती माती नदीतच जाते.

दुपारी ब्लास्टिंग होतं. आधी भोंगा, मग पायाखालून एक धक्का, मग आवाज. आईच्या मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणतात. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भेग आहे, खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत. दर दोन वर्षांनी आम्ही ती सिमेंटने भरतो आणि ती त्याच जागी पुन्हा उघडते. अर्ज केले, लोक येऊन फोटो काढून गेले. असो. भेगेपुरतंच असेल तर नशीब म्हणायचं, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. ती बातमी आली त्या रात्री आई झोपली नाही, आणि फोनवर मीही.

हा कोळसा जातो वीज केंद्रात. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला चाळीस हजार टनांच्या वर कोळसा लागतो, म्हणजे दहा-अकरा मालगाड्या भरतील इतका. एका दिवसाचा. आपल्याकडच्या कोळशात राख शेकडा ३५-४० च्या आसपास, कधी त्याहून जास्त, त्यामुळे जेवढा जाळतो त्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग राख होऊन उरतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले होते, त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. माझ्या वर्गात कोणाला चौऱ्याऐंशी मिळाले तर मी पाठ थोपटते.

मी लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा वाटलं, खाण मागे राहिली. मग कधीतरी समजलं की चंद्रपूरहून निघणारी एक मोठी एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) वीजवाहिनी, १,५०० मेगावॅटची, साडेसातशे किलोमीटर पार करून पडघ्याला येते. पडघा म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. १९९९ पासून ती चालू आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासून. अर्थात तारेतली वीज सगळी एकत्र मिसळते, माझ्या पंख्यात फिरणारी अमुक खाणीची असं कोणी सांगू शकत नाही. पण देशातली साधारण पाऊण वीज कोळशाची आहे, आणि कल्याणमधल्या माझ्या बटणाचं दुसरं टोक आईच्या मांडणीपाशी आहे, हे त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलं नाही.

बिलात हा कोळसा कुठे दिसतो का, तर एका ओळीत दिसतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि मग इंधन समायोजन आकार. बहुतेक जण ती ओळ वाचत नाहीत, रक्कम वाढली की चिडतात फक्त. कोळसा महाग झाला, बाहेरून आणावा लागला, की त्या ओळीत आकडा चढतो. कोळशाची किंमत तिथे लागते. विहिरीची आणि भिंतीची कोणत्याच ओळीत लागत नाही.

म्हणून मी माझा उरलेला अर्धा हिशेब केला. कल्याणचे चार पंखे वर्षातले दहा महिने चालतात, म्हणजे ४५० युनिट वाचली. आईकडचे दोन, त्यातला मधल्या खोलीतला तर अठरा तास चालतो, आठ महिने धरले तरी तीनशेच्या वर. मिळून ७६५ युनिट. त्यातला पाऊण हिस्सा कोळशाचा धरला. घरात एक युनिट पोचवायला केंद्राची स्वतःची वीज आणि तारांमधली गळती धरून साधारण पाचव्या हिश्शाने जास्त वीज बनवावी लागते, आणि बनवलेल्या एका युनिटला साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे आपल्या बटणापाशी युनिटला ८०० ग्रॅम धरा. उत्तर येतं ४६० किलो. वर्षाला नऊ पोती कोळसा. त्याची राख सिमेंटच्या तीन-साडेतीन गोण्यांइतकी. आणि तो काढायला उलटावी लागणारी माती दोन घनमीटर, म्हणजे पाऊण ब्रास. घर बांधताना ज्यांनी वाळू-खडी मोजून घेतली आहे त्यांना पाऊण ब्रास म्हणजे काय ते लगेच डोळ्यांसमोर येईल, ट्रॅक्टरची ट्रॉली जवळजवळ भरते.

हे उत्तर मी वर्गात फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग तुमची तेवढी माती खरंच तिथेच राहिली का?" मी तिला खरं ते सांगितलं. नाही. खाण थांबलेली नाही, माझी वाचलेली वीज दुसरं कोणीतरी वापरतं. विजेची मागणी वाढतीच आहे आणि आमच्याकडे नव्या खाणी निघतच आहेत. पण मागणी वाढतेय हेच कारण प्रत्येक नव्या खाणीच्या कागदावर लिहिलेलं असतं. ताडोबाच्या जंगलाला लागून लोहाऱ्याला खाण होणार होती, ती लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली तेव्हा २००९ मध्ये बारगळली. ते काम पंख्याने होत नाही, माणसांनीच करावं लागतं. मात्र ज्या विजेची कोणालाच गरज नव्हती, जी नुसती पंख्याची वाटी गरम करण्यात गेली, तिच्यासाठी कोणाचं शेत उलटं होऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं. माझी मागणी मी माझ्या हाताने कमी करू शकते. ती केली.

आता पंख्याकडे परत. आईकडे बसवायला गेले तेव्हा जुने पंखे काढले. कल्याणला पंखा पुसला की फडक्यावर राखाडी जळमट येतं. आईच्या घरी जुन्या पंख्याच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर काळं, बारीक, मऊ, काजळासारखं पसरणारं काहीतरी लागलं. साबणाने दोनदा हात धुतले तरी नखाच्या कडेला रेघ राहिली. पंधरा दिवसांपूर्वीच पुसला होता असं आई म्हणाली. कोळशाच्या विजेवर फिरणारा पंखा, आणि त्याच्या पात्यावर कोळसाच.

नवा पंखा सुरू केला तर ती मान वर करून बघत राहिली. "बाई, हा फिरून राहिला का नुसता लटकून राहिला? आवाजच नाही याले." पहिले आठ दिवस तिला त्या शांततेत झोप लागली नाही. आता म्हणते, रात्री मालगाडीचा आवाज जास्त ऐकू येतो. हा गुण की दोष, तुम्ही ठरवा.

खरा फायदा तिला उन्हाळ्यात झाला. मे महिन्यात संध्याकाळी गावातले सगळे कूलर एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. जुना पंखा तेव्हा गरगर सोडून रांगायला लागायचा. हा व्होल्टेज पडलं तरी वेग सोडत नाही. ज्यांच्या गावात व्होल्टेजचा त्रास आहे त्यांनी बाकी काही नाही तर एवढ्यासाठी हा पंखा घ्यावा. शिवाय घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच बॅटरीवर पंखा दुपटीहून जास्त वेळ निघतो. वीज गेली की पूर्वी पहाटे तीनला घामाने जाग यायची, आता येत नाही.

तक्रारीही आहेत. सहांपैकी एक पंखा काही महिने नीट चालला, मग वळवाच्या पावसात वीज कडाडली त्या रात्री बंद पडला. आतलं सर्किट गेलं होतं. आईकडचाच, मधल्या खोलीतला, आणि बाहेर ४५ अंश. जुन्या पंख्याचा कपॅसिटर गेला की गावातला वायरमन साठ-सत्तर रुपयांत तासाभरात बदलून द्यायचा. याला तो हात लावेना. "ताई, हे आपल्याच्यानं नाही होत, कंपनीवाल्यालेच बोलवा." कंपनीला फोन केला तर आधी कल्याणचा पत्ता, मग चंद्रपूरचा, मग गावाचं नाव त्यांच्या यादीतच नाही. अकराव्या दिवशी माणूस आला, दहा मिनिटांत सर्किट बदललं, पैसे घेतले नाहीत कारण वॉरंटी होती. पण त्या अकरा दिवसांचं काय? शहरात राहणाऱ्याला हा त्रास कळणार नाही. गावासाठी घेत असाल तर दुकानदाराला आधी विचारा की तुमच्या तालुक्यात दुरुस्तीला कोण येतं, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी बघा. वॉरंटीची वर्षंही मोटरची वेगळी आणि सर्किटची वेगळी असू शकतात, तो कागद तिथेच वाचून घ्या.

रिमोट म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. आईचा दोनदा हरवला, एकदा तांदळाच्या डब्यात निघाला. ज्याला भिंतीवरच्या बटणानेही वेग बदलता येतो असं मॉडेल मिळतं, ते घ्या. जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकायला लावा, त्याच्यातून जोडला तर पंखा गुणगुणतो आणि सर्किटवर ताण येतो. आमच्या हॉलमध्ये वायरमन तो काढायला विसरला होता, दोन दिवस मी पंख्यालाच दोष देत होते. वाऱ्याचं म्हणाल तर पाचवर जुन्याइतकाच, एकवर अगदी मंद, बाळ झोपवायला चांगला. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं आहे. पाच स्टार बघून घ्या आणि लेबलवर हवेचा आकडाही बघा, नाहीतर वॅट कमी आणि वाराही कमी असा पंखा गळ्यात पडतो.

जुन्या पंख्यांचं काय करायचं हा प्रश्न शेजारणीने विचारला म्हणून तेही लिहिते. कोणाला फुकट देऊ नका, तो त्यांच्या घरी पुन्हा ७५ वॅटच खाणार. मी पाच भंगारात घातले. आत तांबं असतं, त्यामुळे भाव बरा मिळतो.

पाचच घातले, कारण सहावा आईने घालू दिला नाही. बाबांनी पहिल्या पगारातून घेतलेला, लोखंडी, जड, हिरवट रंगाचा. मधल्या खोलीत छत्तीस वर्षं फिरला. तिथे नवा लावला आणि तो काढून मी दाराशी ठेवला, तर ती म्हणाली, "तो वट्यावर लाव. तुह्या बाबाचा आहे." वायरमनने ओट्याच्या वाशाला हूक ठोकून तो लावला. मी तिच्या मीटरपाशी उभी राहून मोजलं, तेरा सेकंद. आई संध्याकाळी तांदूळ निवडायला बसते तेवढा वेळ तो चालवते आणि उठताना आठवणीने बंद करते.